गुरुवारी व्हायोलिन घेऊन ये

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा काल आठवडी बाजारात भेटले. तू बनवलेलं व्हायोलिन पुरं होऊन दोन महिने झाले, पण तू ते गोधडीत गुंडाळून कपाटावर ठेवलंयस म्हणाले. पाठीला मेपलचं लाकूड मिळालं नाही म्हणून फणस घातलास, एका अंगाची किनार वाकडी आली, आणि आवाज खोक्यातून आल्यासारखा येतो. हे ऐकून मला राहवेना.

आधी आवाजाचं बघू. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या बारीक तारेकडच्या पायामागे, पोटात, स्प्रूसच्या लाकडाची काडी उभी असते. जाडी जेमतेम सहा मिलिमीटर. ती चिकटवत नाहीत, वरच्या-खालच्या फळीच्या दाबावरच उभी राहते. इटालियन कारागीर तिला 'आनिमा' म्हणतात, म्हणजे आत्मा. मिलिमीटरभर सरकली तरी आवाज बदलतो. त्यामुळे फणसाला बोल लावण्याआधी काडी तपास. मग घोडीच्या पायाखाली पातळ कागदाची कड घालून बघ. कागद आत शिरला तर पाय फळीवर नीट बसलेला नाही, तो कानशीने हलकेच घासून बसवावा लागेल. आणि चारही तारा एकदम कधी सैल करू नकोस, काडी आत पडते. एक उतरवायची, एक चढवायची.

दुसरं, जोड कशाने दिलेस? तुझ्या आजोबांच्या दुकानात सरसाचं भांडं मंद आचेवर असायचं, तोच सरस व्हायोलिनला लागतो. फेविकॉल टेबलाला उत्तम. आपल्याकडे जूनमध्ये लाकूड फुगतं, मार्चनंतर आकसतं. तो ताण आला की सरसाचा जोड सुटतो आणि लाकूड वाचतं. सुटलेला जोड तासाभरात पुन्हा बसतो. मला हे फार उशिरा कळलं. माझ्या पहिल्या व्हायोलिनची कड एका पावसाळ्यात उघडली, ती मी घट्ट गोंद भरून पक्की केली, आणि पुढच्या वैशाखात पोटाची फळी घोडीपासून खालपर्यंत तडकली. तो 'टक्' आवाज अजून कानात आहे. तुझं तसं होऊ नये.

आता खरं बोलायचं ते. ते वाद्य निर्दोष होईपर्यंत बाहेर काढायचं नाही असं ठरवलं असशील, तर ते कपाटावरच राहील. आपली गुरुवारची भजनमंडळी ओळखतेस ना? पोस्टातले काका पेटी धरतात, पखवाजाला रिक्षावाला दादा, बाकी टाळ. कुणी विशारद नाही. सगळे हौशी, पण अठरा वर्षांत गुरुवार चुकलेला नाही. सीमेपलीकडे गोव्यात बघ. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवायचे. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस त्याच मातीतून मुंबईच्या सिनेसंगीतात गेले, संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. पण मला जास्त ओढ वाटते ती मागे राहिलेल्यांची. संध्याकाळी वाडीतल्या क्रुसासमोर लदीन, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनागीतं, म्हणतात, तेव्हा गावातलाच एखादा माणूस व्हायोलिन घेऊन बाजूला उभा असतो. दिवसभर शेतात नाहीतर दुकानात असतो तो. त्याच्या तिथे असण्याने लोकांचे सूर धरले जातात.

आमच्यात वाजवताना एक अडेल, तेव्हा घाबरू नकोस. पेटीचा शुद्ध गंधार आपल्या कानातल्या गंधारापेक्षा जरासा चढा असतो. घरी एकटी वाजवताना बोट योग्य जागी पडेल आणि इथे तेच बेसूर वाटेल. वाद्यात दोष नाही, तुझ्या कानातही नाही. पेटी चालू असेल तोवर बोट किंचित पुढे ने. पेटी थांबून नुसता गळा राहिला की परत आपल्या जागेवर ये. हे एकटीने वर्षभर घोटूनही येत नाही, चार गुरुवारांत येतं. पहिले दोन गुरुवार फक्त षड्ज-पंचमावर लांब गज ओढ, तेवढं पुरे.

वाकडी किनार मला बघायची आहे. कुठे पटाशी घसरली ते दोघं मिळून शोधू, पुढच्या व्हायोलिनला उपयोगी पडेल.

आरती आठला संपते. पेटी काळी एक पट्टीत असते, तारा प-सा-प-सा लावूनच ये. पाऊस असला तर गोधडीवरून प्लास्टिक घाल.

तुझा,
दत्तमंदिराशेजारचा काका