मुलाला शिकागोला शिकायला पाठवावं का? तिथे रोज गोळीबार होतो ना?

तुम्ही लिहिलंय की मुलाला इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एमएसला प्रवेश मिळालाय, पण ‘या वीकेंडला शिकागोत इतके ठार’ अशा बातम्या वाचून घरात कुणाला झोप नाही. मी या शहरात अकरा वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. गोळी लागून मणक्याला इजा झालेली तरुण मुलं माझ्याकडे सतत येतात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तुमच्यापुरतं सांगते. पाठवा. कॉलेज साउथ साइडला, म्हणजे गोळीबारासाठी बदनाम असलेल्या दक्षिण भागात आहे, त्यामुळे नकाशा बघून नातेवाईक घाबरवतील. मुलाला एवढंच सांगा की रात्री उशिरा फोनमध्ये डोकं घालून स्टेशनवरून एकट्यानं चालायचं नाही, आणि कुणी फोन-पाकीट मागितलंच तर मुकाट्यानं देऊन टाकायचं. हे शेवटचं पुन्हापुन्हा सांगा. जानेवारी 2023 मध्ये आंध्रातून नुकताच आलेला एक विद्यार्थी साउथ साइडला लुटारूंच्या गोळीनं गेला. म्हणजे असं घडतच नाही असं नाही. पण इथे गोळीनं मरणाऱ्यांत आपल्याकडून शिकायला आलेली मुलं फार क्वचित असतात.

मग मरतं कोण? 2021 मध्ये शिकागोत सुमारे 800 खून झाले, पाव शतकातला सर्वांत मोठा आकडा. पुढे तो उतरत गेला आणि 2024 मध्ये 600 च्या खाली आला. यातले दहापैकी नऊ खून बंदुकीनं होतात. शहराची लोकसंख्या 27 लाखांच्या आसपास, त्यात कृष्णवर्णीय तीसेक टक्के. खून झालेल्यांत मात्र चारांतले निदान तीन कृष्णवर्णीय, आणि बहुतेक तरुण पुरुष. 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. शिकागोतल्या सर्वांत हिंसाग्रस्त पिनकोडमधल्या तरुणांना गोळीनं मारलं जाण्याचा धोका अफगाणिस्तानात लढलेल्या अमेरिकी सैनिकांपेक्षा तिपटीहून जास्त निघाला. त्याच शहराच्या उत्तर टोकाला अशा वस्त्या आहेत जिथे अख्ख्या वर्षात एकही खून होत नाही. 2019 च्या एका अहवालानुसार तळ्याकाठच्या स्ट्रीटरव्हिलमध्ये सरासरी आयुर्मान 90 वर्षं, तर साउथ साइडच्या एंगलवुडमध्ये 60. या तीस वर्षांच्या फरकाला आजारपण आणि गरिबीही कारण आहे, पण गोळीनं गेलेली कोवळी पोरंही त्यात आहेत.

नेपरव्हिल या उपनगराकडे आपल्या मंडळींच्या गप्पांत ‘ते लोकच तसे’ असं ऐकू येतं, तेव्हा मला फार त्रास होतो. वेस्ट साइडचं नॉर्थ लॉनडेल घ्या. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर अशा वस्त्या लाल रंगात, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या, दाखवल्या गेल्या, आणि कृष्णवर्णीयांना बँकेचं गृहकर्ज मिळेनासं झालं. मग दलाल दुप्पट-तिप्पट भावानं हप्त्यावर घरं विकायचे. कागद शेवटचा हप्ता फिटेपर्यंत दलालाच्या नावावर. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. दोन-दोन नोकऱ्या करून लोकांनी हे हप्ते भरले. 1966 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग याच वस्तीत भाड्याच्या घरात राहायला आले होते, ते घरांच्या या अन्यायाविरुद्ध लढायला. पुढे कारखाने गेले. दक्षिणेचा साउथ वर्क्स हा पोलाद कारखाना 1992 मध्ये कायमचा बंद झाला. आपल्या गिरणगावाचं काय झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढचं सांगायला नको. 2013 मध्ये महापालिकेनं पन्नासच्या आसपास शाळा एकदम बंद केल्या, त्याही मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या.

बंदुका मात्र सहज मिळतात. 2017 च्या शहराच्याच अहवालात गुन्ह्यांत सापडलेल्या दर पाच बंदुकांपैकी एक शेजारच्या इंडियाना राज्यातून आलेली होती. तिथले कायदे सैल, आणि गाडीनं अंतर तासाभराचंही नाही.

आणि गोळी लागल्यावर? 1991 पासून जवळजवळ 27 वर्षं साउथ साइडला प्रौढांसाठी एकही मोठं ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींवर तातडीनं उपचार करणारं केंद्र, नव्हतं. 2010 मध्ये गोळी लागलेल्या एका 18 वर्षांच्या मुलाला मैलोन्‌मैल दूर उत्तरेकडे न्यावं लागलं, आणि तो वाचला नाही. तो स्वतः वस्तीत तरुणांसाठी काम करायचा. त्याच्या मित्रांनी आणि आईनं वर्षानुवर्षं निदर्शनं केली, तेव्हा कुठे 2018 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात असं केंद्र सुरू झालं.

एका वस्तीच्या अभ्यासात बंदुकीनं झालेले 41 टक्के खून वस्तीतल्या जेमतेम 4 टक्के लोकांच्या आपसातल्या संबंधांच्या जाळ्यात झालेले आढळले. म्हणजे बाकीचे आपापल्या कामाला जातात, डबे भरतात, मुलांना शाळेत सोडतात आणि तरीही रोज जीव मुठीत धरून राहतात.

माझ्याकडे एक एकोणीस वर्षांचा मुलगा यायचा, कमरेखाली संवेदना नसलेला. बसस्टॉपवर उभा असताना गोळी लागली, ती दुसऱ्या कुणासाठी होती. मृतांच्या आकड्यात तो कुठेच नाही. पलंगावरून व्हीलचेअरवर स्वतः सरकायला शिकायला त्याला सहा आठवडे लागले. आई रोज संध्याकाळी कामावरून थेट यायची. उन्हाळ्यात गोळीबार वाढतो, म्हणून जूनमध्ये शाळा सुटली की धाकट्याला ती मिसिसिपीला बहिणीकडे धाडते. यंदा त्याला इथे उन्हाळी नोकरी मिळत होती, पहिलीच. नोकरीला जाऊ देऊ की मिसिसिपीला पाठवून देऊ, असं तिनं मला विचारलं. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा तीच डोळ्यांसमोर आली. तिला मात्र मला चटकन ‘त्याला इथेच राहू दे’ म्हणता आलं नाही.