पन्नाशीनंतर पुस्तकांचं दुकान काढावं का?

तुम्ही विचारलंय: ‘अमेरिकेतल्या क्लारा व्हिलारोसांनी पन्नाशी उलटल्यावर बँकेतली नोकरी सोडून पुस्तकांचं दुकान काढलं. मलाही वाचनाची आवड आहे, मग मला का जमू नये?’

जमेल की. पण ‘बँकेतली’ हा शब्द तुम्ही घाईत वाचलात. बाई आधी मानसोपचार विभागात समाजसेविका, मग डेन्व्हरच्या एका बँकेत उपाध्यक्ष. 1984 मध्ये त्याच शहरात ‘ह्यू-मॅन’ हे दुकान उघडलं ते हिशोब कळणाऱ्या बाईनं. कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं एका छताखाली मिळावीत ही तळमळ होतीच, पण तळमळीवर भाडं भागत नाही. ‘पुस्तकविक्री हे व्रत आहे’ म्हणणाऱ्यांशी माझं इथेच वाजतं.

गणित बघा. छापील किंमत 25 डॉलर, दुकानदाराला सूट साधारण 40 टक्के. म्हणजे पुस्तक 15 ला पडलं, 10 हातात. त्यातून भाडं, पगार, वीज. शेवटी समजा अर्धा डॉलर उरला, तर चोरीला गेलेल्या एका पुस्तकाचे 15 डॉलर भरून काढायला 30 पुस्तकं विकावी लागतात! न खपलेला माल परत जातो खरा, पण परतीचा वाहतूक खर्च सहसा दुकानाचा. मुदत टळली, कोपरा दुमडला किंवा किमतीचं स्टिकर निघता निघेना, की तो गठ्ठा तुमच्याच गळ्यात. स्टिकर लावूच नका.

2002 मध्ये भागीदारांसह न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात नवं ‘ह्यू-मॅन’ उभं राहिलं. 2004 मध्ये बिल क्लिंटन तिथे आत्मचरित्रावर सह्या करायला आले. तरी 2012 मध्ये ते बंद झालं. एका संध्याकाळची रांग वर्षभराचं भाडं देत नाही.

पुढे मुलींबरोबर बाईंनी प्रकाशनसंस्था काढली, पंच्याऐंशीच्या आसपास. तिथे तर घाऊक वितरकाला 55 टक्क्यांपर्यंत सूट जाते. 20 डॉलरच्या पुस्तकामागे 9 उरतात. त्यातून छपाई, मानधन, आणि ‘विकलेली’ पुस्तकं परत येतात ती वेगळीच. त्यामुळे पहिली आवृत्ती लहान काढा. प्रतीमागे छपाई महाग पडली तरी चालेल, गोदाम त्याहून महाग पडतं.

अर्थात हे आकडे अमेरिकेतले. आपल्याकडे कमिशन आणि परतीच्या अटी प्रकाशकागणिक बदलतात. त्या आधी विचारा, आणि लेखी घ्या.