१९८५चा एनडीपीएस कायदा (अमली पदार्थांवर नियंत्रणाचा कायदा) भारताने परदेशी दबावाखाली केला का?

दबाव होता, पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. १९०९ची शांघाय परिषद, १९१२चा हेग करार आणि १९६१चा एकल करार या अमली पदार्थांवरील आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या साखळीत भारत आधीपासून होता. १९८५चे विधेयक मात्र २३ ऑगस्टला संसदेत आले आणि १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरीही झाली. त्या घाईत जे राहून गेले ते आमच्या घराने भोगले, म्हणून हे लिहीत आहे.

१९९६ साली वडिलांचा कर्करोग मणक्यात पसरला होता. त्यांना आडवे होता येत नसे. पलंगाचा लोखंडी गज मुठीत धरून ते बसल्या बसल्या रात्र काढत आणि सकाळी तळहातावर गंजाचा तांबूस पट्टा उमटलेला असे. डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाची १० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. ती मागवायची तर रुग्णालयाकडे बाळगण्याचा, वाहतुकीचा आणि परराज्यातून आणण्याचा असे सगळे परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. आमच्या बाबतीत तिसरा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपली. विनापरवाना साठा सापडल्यास किमान १० वर्षे सक्तमजुरी, त्यामुळे औषधविक्रेते त्या गोळीचे नावही काढत नसत. नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने असलेल्या या देशात १९९७ साली मॉर्फिनचा वापर अवघ्या १८ किलोंवर आला होता. वडील गोळीविनाच गेले.

आमचे मेहुणे तेव्हा अबकारी खात्यात होते. परवाने सैल केले तर मॉर्फिन गल्लोगल्ली विकले जाईल, असे त्यांनी तेराव्याच्या दिवशी मला ऐकवले. गल्लीत विकणारा परवाना मागायला येत नाही, हे माझे तेव्हाचे उत्तर आजही कायम आहे. मॉर्फिनसारख्या आवश्यक अमली औषधांसाठी देशभर एकसारखे नियम करण्याची तरतूद संसदेने २०१४च्या दुरुस्तीत केली, म्हणजे तब्बल २९ वर्षांनी.

अर्थात नियंत्रणच नको, असे मी म्हणत नाही. अमेरिकेत ऑक्सिकोडोन हे अफूच्याच वर्गातले वेदनाशामक सढळ हाताने लिहून दिल्याचे परिणाम सर्वांसमोर आहेत. शिवाय भांगेची पाने आपल्या कायद्याने गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली, तेव्हा दबावापुढे सगळेच मान्य केले असेही नाही.

एकल करार वाचाल तेव्हा आधी उद्देशिका पाहा. वेदनाशमनासाठी ही औषधे अपरिहार्य आहेत आणि ती उपलब्ध असली पाहिजेत, असे तिथेच म्हटले आहे. मेहुण्यांना मी तो भाग मराठीत उतरवून पाठवला होता. पत्र पोहोचल्याचे त्यांनी कळवले, एवढेच.