अंतरपाट आणि हुप्पा एकाच मांडवात

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपला अंतरपाट आणि जावईबापूंच्या ज्यू घरचा हुप्पा (लग्नात वधूवरांच्या डोक्यावर असते ते छत) एकाच मांडवात बसवता येईल का, असे तू विचारले आहेस. अवश्य येईल, मात्र दोन्हींची सरमिसळ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक ज्यू घराण्यांत वधू वराभोवती सात फेरे घालते, तेव्हा सप्तपदीही त्यातच उरकून घ्या, असे सुचवणारे भेटतील. परंतु सप्तपदीत अन्न, बळ, समृद्धी असा पावलागणिक एकेक संकल्प असतो आणि सातव्या पावलाला सख्य जुळते, हे सोडले तर हाती नुसती मोजणी उरते. म्हणून सकाळी मंगलाष्टके, होम आणि सप्तपदी व्हावी, आणि दुपारी हुप्प्याखाली केतुबाचे, म्हणजे त्यांच्या विवाहकराराचे, वाचन, तुझ्या उजव्या तर्जनीत अंगठी, सात आशीर्वचने आणि पायाखाली काच फोडणे, हे सारे त्यांच्या रीतीने व्हावे.

मूर्तिपूजा त्यांच्या धर्मात निषिद्ध असल्यामुळे गणपतिपूजन, पुण्याहवाचन आणि देवक आदल्या दिवशी आपल्या घरीच करू, म्हणजे त्यांच्या वडीलधाऱ्यांना संकोच वाटणार नाही.

एका गोष्टीत मी हट्ट धरणार आहे. अंतरपाटावर आपण कुंकवाने स्वस्तिक काढतो. ते या वेळी काढायचे नाही, आणि पत्रिकेवर किंवा रांगोळीतही नको. आपले चिन्ह नाझींहून कितीतरी जुने आहे हे खरे, पण ज्यांच्या घरची माणसे त्या झेंड्याखाली मारली गेली, त्यांना लग्नाच्या दिवशी इतिहास समजावत बसणे मला अशोभनीय वाटते. पांढऱ्या रेशमी अंतरपाटावर कलश काढला, तरी मंगलाष्टकांत काही उणे पडत नाही.

मेंदीची संध्याकाळ मात्र खुशाल एकत्र करावी. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंकडे (शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत, मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, 1796 सालचे) लग्नाआधी मेंदी लागते, आणि मंगलप्रसंगी पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा मलिदा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करून वाटतात. जावईबापूंचे घराणे युरोपातले असल्याने त्यांना हे नवे असेल, तेव्हा आधी विचारून घे.

तारखेचे म्हणशील, तर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत त्यांच्याकडे लग्न लागत नाही, म्हणून रविवार धरावा. अधिक मास नसेल, तर त्यांचा शावुओत सण उलटल्यानंतर आपला चातुर्मास आणि त्यांचे तम्मूज महिन्यापासूनचे शोकाचे तीन आठवडे सुरू होण्यापूर्वीचे, साधारण जूनमधले दिवस दोन्हींकडे चालतात.

हॉलची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी त्यांच्या धर्मगुरूंशी, म्हणजे रब्बींशी, बोलावे. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांचे रब्बी आंतरधर्मीय विवाह लावत नाहीत. रिफॉर्म पंथात तो निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोपवलेला असतो, आणि लावणाऱ्यांपैकीही काहींना त्याच दिवशी दुसऱ्या धर्माचे विधी झालेले चालत नाहीत. सकाळी होम असणार आहे, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांग. गुरुजींशी मी बोलते.

तुझी,
आई