सोमवारी माएबूर, मंगळवारी गूडलँड्स

प्रश्न : काकू, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं आठवडाभर मॉरिशसला जातोय. हॉटेल उत्तरेला ग्राँ बे गावात आहे. टूरवाल्यांच्या कागदावर ‘अर्धा दिवस खरेदी’ एवढंच लिहिलंय. किनाऱ्यावरच्या गावांत नेमकी कुठे खरेदी करावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तो अर्धा दिवस कागदावरून खोडून टाका. गाडीवाला तुम्हाला त्याच्या ओळखीच्या दोन-तीन दुकानांत नेईल, तुम्ही जे घ्याल त्यावर त्याला दलाली मिळेल आणि तुम्ही डोडो पक्ष्याच्या पाच बाहुल्या घेऊन परत याल.

आमचे हे गूडलँड्सजवळच्या एका कापडगिरणीत विणकाम खात्यात होते. त्यामुळे अकरा वर्षं आमचं बिऱ्हाड तिकडेच होतं. पहिल्या महिन्यात मी शेजारणीला तुमचाच प्रश्न विचारला होता, भाजी कुठे मिळते? ती म्हणाली, आज वार कोणता? तिकडे सगळं वारावर चालतं. आपल्या आठवडे बाजारासारखाच बाजार गावोगाव फिरतो, आणि आज ज्या बाईकडून तुम्ही लोणचं घेतलं, तीच चार दिवसांनी दुसऱ्या गावात भेटून हसते. सोमवारी माएबूर, मंगळवारी आणि शुक्रवारी गूडलँड्स, बुधवारी आणि रविवारी फ्लाक. आधी वार लिहून काढा आणि समुद्र, धबधबे, बोटी उरलेल्या वेळात बसवा.

ग्राँ बेपासून सुरुवात करते, कारण संध्याकाळी तुम्ही चालत तिथेच जाणार. खाडीकाठची दुकानं बघायला छान आहेत. घेण्यासारखं तिथे फार नाही, आणि जे आहे ते दुसरीकडे स्वस्त मिळतं. आतल्या गल्लीत जो बाजार भरतो तिथे पहिला भाव तुमच्या उन्हाने लाल झालेल्या नाकाकडे बघून सांगतात. घासाघीस करायला लाजू नका. ‘कोंब्ये सा?’ म्हणजे केवढ्याला. उत्तर ऐकल्यावर ‘त्रो सेर!’ म्हणायचं, म्हणजे फार महाग. (मला सुरुवातीला ते वजनाचं माप वाटायचं.) वयस्कर विक्रेत्यांशी सरळ हिंदीत बोला, भोजपुरीत उत्तर येईल आणि भावही जरा उतरेल.

गूडलँड्स तिथून जवळ आहे. पर्यटक तिकडे कमी वळतात, म्हणून मला आवडायचं. बाजाराच्या दिवशी घरगुती कापडचोपड, भाज्या, मसाले असं सगळं एका जागी असतं. भेंडीला तिथे ‘लालो’ म्हणतात आणि टोमॅटोला ‘पोमदामूर’, म्हणजे प्रेमाचं सफरचंद! याच गावात लाकडी जहाजांचे नमुने करणारा कारखाना आहे. कारागीर एकेक पट्टी बसवताना बघायला मिळतात. शिडं जुनी दिसावीत म्हणून ती चहाच्या पाण्यात बुडवतात. घेताना जहाजाचं पोट निरखून बघा. पातळ पट्ट्या जोडून केलेलं असेल तर काम चांगलं, एकाच ठोकळ्यातून कोरून वर रेघा मारल्या असतील तर पुढच्या टेबलाकडे चला. आणि खोकं विमानात हातात घ्या. मी शहाणपणा करून सामानात टाकलं होतं, घरी उघडलं तर तीन डोलकाठ्यांपैकी एकच उभी.

आता माएबूर. हे गाव दक्षिण-पूर्वेला, विमानतळापासून अगदी जवळ. ग्राँ बेहून बेटाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं, म्हणून परतीचा दिवस सोमवार असेल तर सोन्याहून पिवळं. थोडाफार बाजार तिथे रोज असतो, पण सोमवारी समुद्रकाठी तो असा पसरतो की कुठून शिरलो ते विसरायला होतं. मी तिथून ‘ताँत’ घ्यायची. वाकोआ नावाच्या झाडाच्या पातीची विणलेली ही बाजाराची टोपली. वाकोआ म्हणजे आपल्या केवड्याचा भाऊबंद. एके काळी तिकडची साखरही याच पातीच्या पोत्यांत भरायचे. 1 जानेवारी 2016 पासून तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा माझी शेजारीण म्हणाली, आम्हाला काय फरक पडतो, आमच्या आज्यांकडे ताँत होतीच. शेजारीच राफिया नावाच्या ताडाच्या धाग्यांच्या रंगीत टोपल्या लटकत असतात. त्याही सुंदर असतात, पण बहुतेक मादागास्करहून येतात. विचारलं की विक्रेते खरं सांगतात, न विचारता नाही.

तिथून नदीवरचा पूल ओलांडला की कसाव्याची बिस्किटं करणारा रो (Rault) कुटुंबाचा कारखाना लागतो, 1870 पासूनचा. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याच कंदाच्या पिठाची ही बिस्किटं. उसाच्या वाळक्या पाचटाच्या जाळावर लोखंडी तव्यावर भाजतात. नारळाची, दालचिनीची, लोण्याची. आत जाऊन भाजताना बघता येतं आणि चवही मिळते. शनिवार-रविवार टाळा. उपवासाला चालतील का, हे मला विचारू नका, आमच्या सासूबाई हो म्हणाल्या होत्या, पण त्यांना ती फार आवडायची.

राजधानी पोर्ट लुईसला एक सकाळ द्याच. तिथल्या मध्यवर्ती बाजाराच्या लोखंडी दारांवर राणी व्हिक्टोरियाची अक्षरं आहेत. खाली भाज्या आणि काढ्याच्या पाल्याचे गाळे. तिथे मधुमेहापासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर जुडी मिळते. वरच्या मजल्यावर टोप्या, टेबलक्लॉथ, मसाले. व्हॅनिला घ्यायचा तर शेंग बोटाभोवती गुंडाळून बघा. लवचीक आणि तेलकट हवी, कडकन मोडली तर ती फक्त काडी. मझावारू नावाची मिरचीची चटणी आणि ब्वा शेरी या मळ्याचा व्हॅनिला घातलेला चहा हे मी दर वर्षी आणायची. मस्कोव्हाडो ही काळपट ओलसर साखरही घ्या, तिचा वास थेट गुऱ्हाळात नेतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रविवारी दुपारनंतर तिथे शटर खाली येतात आणि एरवीही संध्याकाळी पाचनंतर पोर्ट लुईस ओस पडतं. कोदाँ या धक्क्यावरच्या भागात तेवढी जाग असते, पण तिथले भाव काचेच्या आतले. बाजारापासून चालत आप्रवासी घाट आहे. 1849 पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर तिथे उतरत. आपल्या कोकणातले मराठी लोकही त्यांत होते. ती खरेदी नव्हे, पण पिशव्या हातात घेऊन ते मजूर चढून आले त्या सोळा पायऱ्यांपाशी मी किती वेळा थांबले असेन.

कपड्यांबद्दल मला बोलायचा अधिकार आहे, म्हणून बोलते. ‘निर्यातीचा उरलेला माल’ हे शब्द किनाऱ्यावर ऐकले की शिवण उलटी करून बघा. खरा माल आतून नीट असतो, धागे लोंबत नाहीत. पोहण्याच्या किनाऱ्यावर एका फिरत्या विक्रेत्याकडून मी ‘शंभर टक्के काश्मिरी लोकर’ घेतली होती. पहिल्या धुण्यात ती बाहुलीच्या मापाची झाली. आमचे हे गिरणीतले, त्यांनी आठवडाभर हसून घेतलं. कपडे हवेच असतील तर किनारा सोडा आणि गुरुवारी किंवा रविवारी कात्र बोर्नला जा. पोर्ट लुईसहून आता मेट्रोने जाता येतं.

प्रश्न : शंख, पोवळी, कोरल तिथून आणले तर चालतात का? आणि पैसे कसे न्यावेत?

उत्तर : नाही चालत. किनाऱ्यावरून उचलायचे नाहीत आणि गाळ्यावर मांडलेले दिसले तरी घ्यायचे नाहीत. प्रवाळ इकडेही 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतं, विमानतळावर ‘मला माहीत नव्हतं’ कुणी ऐकत नाही.

पैसे मॉरिशसच्या रुपयातच द्या. आपल्यापेक्षा त्यांचा रुपया बराच वजनदार, ‘फक्त पाचशे’ ऐकून हुरळू नका. नोटेवर देवनागरी अक्षरं दिसतील, तेव्हा आपलीच नोट असल्यासारखं वाटतं आणि हात सैल सुटतो. मोठ्या दुकानांत 15 टक्के व्हॅट असतो. परतावा देणारी दुकानं आहेत, म्हणून पासपोर्ट जवळ बाळगा आणि पावती मागा. आठवडे बाजारात पावती मागितली तर लोक बघत राहतील.

प्रश्न : आम्ही सप्टेंबरात जातोय आणि शाकाहारी आहोत. बाजारात फिरताना खायला काय मिळेल?

उत्तर : धोल पुरी. चण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, आपल्या पुरणपोळीची तिखट चुलत बहीण. जोडीनेच देतात, एक मागितली तरी दोन येतात. रांग लांब असेल त्याच गाडीवर खा. गातो पिमाँ म्हणजे डाळीची भजी, गरम असतील तरच.

सप्टेंबरात जाताय तर गणेश चतुर्थीची तारीख बघून घ्या. तिथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, बरीच दुकानं बंद. पण मग खरेदीला कशाला जाताय? जवळच्या मराठी वस्तीत जा आणि आरतीला उभे राहा. ‘सुखकर्ता’ त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कडवी पाठ असेल.