'उष्णतेचं बेट' आणि त्याची तीव्रता

प्रश्न : उपग्रहचित्रांवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'अर्बन हीट आयलंड इंटेन्सिटी'साठी (शहर भोवतालच्या भागापेक्षा जास्त तापतं, तो हा प्रकार) 'नागरी उष्णद्वीपाची तीव्रता' असं लिहिलं. संपादक विचारतात, पाणी नाही तिथे बेट कसलं?

उत्तर : बेट राहू द्या. मराठीत बेटाला पाणी लागतंच असं नाही. बांबूचं बेट कुठे समुद्रात असतं? शिवाय नकाशावर समताप रेषा (सारख्या तापमानाच्या जागा जोडणाऱ्या) काढल्या की त्या शहराभोवती कडी करतात आणि चित्र खरोखरच बेटासारखं दिसतं. 'उष्णद्वीप' मात्र नको, उष्ण हवामानाचं एखादं बेट डोळ्यांपुढे येतं. 'उष्णतेची लाट' रुळलेलीच आहे, तिच्या शेजारी 'उष्णतेचं बेट' शोभतं.

'तीव्रता' चालेल, पण पहिल्याच वेळी तिचा अर्थ सांगा. इथे ती म्हणजे निव्वळ वजाबाकी : शहराचं तापमान उणे भोवतालच्या मोकळ्या भागाचं. शहर 41 आणि भोवताल 38 अंश असेल तर तीव्रता 3. शहर 24 आणि भोवताल 18 असेल तर 6. म्हणजे गार रात्रीचं बेट जास्त तीव्र! वाचक हमखास उलटं समजतो.

माझा खरा आक्षेप तुम्ही न विचारलेल्या शब्दावर आहे : 'तापमान'. हवामान केंद्रातला तापमापक सावलीतल्या पेटीत, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर हवेचं तापमान मोजतो. उपग्रह टिपतो ते छपरं, रस्ते, झाडांचे शेंडे यांतून निघणारं, डोळ्यांना न दिसणारं अवरक्त प्रारण. त्यावरून काढतात ते 'भूपृष्ठ तापमान'. भर उन्हात ते हवेपेक्षा कितीतरी चढं असतं, म्हणून उपग्रहाच्या आकड्याला 'पारा चढला' म्हणणं चूक. (उपग्रहात पारा नसतोच, ते वेगळं.) दोन्ही बेटांची वेळही सहसा जुळत नाही : हवेतलं रात्री ठळक होतं, पृष्ठभागावरचं बहुधा दिवसा.

म्हणून वेळ लिहाच. लँडसॅट 8 हा पृथ्वीची चित्रं घेणारा उपग्रह सकाळी दहाच्या सुमारास, 16 दिवसांतून एकदा त्याच जागेवरून जातो. त्याच्या उष्णतेच्या चित्रातला एक ठिपका 100 मीटरचा. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचा 1 किलोमीटरचा, पण तो दिवसा आणि रात्रीही पाहतो. ढग आले की दोघेही आंधळे.

तुमची चित्रं लँडसॅटची असतील तर मी लिहीन : 'सकाळी दहाच्या सुमारास शहराचं भूपृष्ठ तापमान भोवतालच्या मोकळ्या जमिनीपेक्षा इतक्या अंशांनी जास्त होतं.' मग 'तीव्रता' कंसात टाकली तरी पुरे.