पुस्तकातल्या माणसाचे पोट कशावर चालते?

आपण विचारले आहे की दिवाळीपासून आतापर्यंत मी जी पुस्तके वाचली त्यांत आत्मचरित्र, प्रवासवर्णन, कादंबरी, भयकथा, कविता असे सगळेच आले, तर इतक्या निरनिराळ्या प्रकारांतल्या पुस्तकांना एकच वाचक बरे-वाईट ठरवतो ते कोणत्या आधारावर, आणि आपण स्वतः त्यांतले आधी कोणते घ्यावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, ते शेवटी देतो. पहिल्याचे देताना थोडा संकोच वाटतो, कारण माझी कसोटी कोणत्याही साहित्यशास्त्रात सापडणार नाही. नाशिक जिल्ह्यातल्या लहानमोठ्या सहकारी संस्थांच्या किर्दी आणि खतावण्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या आणि खात्यांच्या वह्या, तपासण्यात माझी तीस वर्षे गेली. त्या सवयीमुळे कोणतेही पुस्तक उघडले की यातल्या माणसांचे पोट कशावर चालते, हे मन आपोआप शोधू लागते. लेखकाने आकडे द्यावेत अशी माझी अपेक्षा नसते, परंतु ते त्याला ठाऊक आहेत की नाहीत, हे दहा-पंधरा पानांत कळते. ज्याला ते ठाऊक नसतात त्याची पात्रे हवेवर जगतात, आणि हवेवर जगणाऱ्या माणसाच्या सुखदुःखावर माझा विश्वास बसत नाही.

ही कसोटी या वेळी इतकी नेमकी का लागू पडली, याचे कारण म्हणजे आरंभीच हाती आलेले विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या १८४० सालच्या 'सावाना'त, ते मी शाळकरी वयात एकदा वाचले होते आणि तेव्हा झाशीची लढाई तेवढी लक्षात राहिली होती. आता साठी उलटल्यावर वाचताना जाणवले की हे पुस्तक मुळात कर्जाचे आहे. पेणजवळच्या वरसई गावच्या या भिक्षुकाच्या घरावर कर्ज झाले होते, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे भरपूर दक्षिणा मिळेल अशी वार्ता आली, म्हणून तो काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि नेमका १८५७ च्या धामधुमीत सापडला. त्याला ना बंड करायचे होते, ना बंड मोडायचे होते. त्याला चार पैसे गाठीला बांधून घरी यायचे होते. ते पैसे मिळतात, लुटले जातात, पुन्हा मिळतात, पुन्हा लुटले जातात, आणि शेवटी आईवडिलांना स्नान घालण्यासाठी आणलेली गंगेची कावड हीच काय ती शिल्लक उरते. इतका प्रामाणिक ताळेबंद मी सनदी लेखापालांकडूनही क्वचित पाहिला आहे.

त्यातला एक प्रसंग सर्वांना माहीत असतो, तरी तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी गोडसे यांची राणी लक्ष्मीबाईंशी गाठ पडते. धुळीने माखलेल्या, तहानलेल्या राणीसाहेब स्वतःच पाणी ओढून घेतात आणि बोलता बोलता म्हणतात की आपण अर्ध्या शेर तांदळाच्या धनीण, विधवाधर्म सोडून हा उद्योग करण्याची आपल्याला काही गरज नव्हती. अर्धा शेर तांदूळ! राजघराण्यातल्या स्त्रीनेही आपल्या गरजेचे माप तांदळात सांगावे आणि एका गरीब भिक्षुकाने ते पंचवीस वर्षे डोक्यात जपून मग कागदावर उतरवावे, हे मला रणांगणाच्या वर्णनांपेक्षा मोठे वाटते. पुस्तक घ्यायचेच असेल तर एक काळजी घ्यावी. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली ते प्रथम छापले तेव्हा मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. त्या पाठाची भाषा थोडी अडखळवते, पण बोलणारा माणूस त्यातच भेटतो.

त्यानंतर लगेच लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचायला घेतले, आणि हा क्रम निव्वळ योगायोगाने लागला असला तरी यापुढे मी तो मुद्दाम सुचवीन. लक्ष्मीबाई आपल्याच जलालपूरच्या. गंगापूर रस्त्याने गोदावरीच्या काठाकाठाने फिरायला जाताना ते गाव आजही लागते. त्यांच्या आजोबांना १८५७ च्याच धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याचे असे वेड शिरले की घरातल्या बायकांचे आयुष्य धुण्याधुण्यातच गेले. गोडसे भटजी ज्या वावटळीतून जीव वाचवून घरी पोहोचले, तिची धूळ नाशिकजवळच्या एका स्वयंपाकघरात पुढची कित्येक वर्षे बसत राहिली, हे दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचल्याखेरीज माझ्या ध्यानात आले नसते.

'स्मृतिचित्रे'बद्दल लोक विनोदाचे कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे. मला मात्र या वेळी त्या विनोदाच्या खालचा हिशेब दिसत राहिला. नारायण वामन टिळक मोठे कवी आणि मोठ्या मनाचे गृहस्थ होते. त्यांच्या हाती पैसा टिकत नसे आणि संसार टिकवण्याचे काम बाईंकडे होते. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतरची काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही आरंभी त्यांनी आपले खाणेपिणे वेगळेच ठेवले होते. मतपरिवर्तनाच्या कथा आपण बहुधा विचारांच्या पातळीवर वाचतो. येथे ते परिवर्तन पाण्याच्या घागरीपाशी आणि चुलीपाशी घडते. कोणाच्या हातचे पाणी चालेल, कोणाच्या हातचे चालणार नाही, याच्या सीमा ही बाई एकेक करून ओलांडते आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच हसते. दुसऱ्याला हसणारे लेखक पुष्कळ आहेत. स्वतःच्या भाबडेपणाला इतक्या निर्मळपणे हसणारे मराठीत मला तरी दुसरे कोणी आठवत नाही. बालकवी ठोंबरे यांच्यावरची पाने तर मी तीन वेळा वाचली.

'पाडस' हे त्या मानाने निराळ्या मुलखातले. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही कादंबरी अमेरिकेत १९३८ साली आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि 'सत्यकथे'चे संपादक राम पटवर्धन यांनी तिचे मराठी केले. फ्लोरिडाच्या रानात राहणारे एक गरीब कुटुंब, त्यातला ज्योडी हा एकुलता मुलगा आणि त्याने पाळलेले हरणाचे पाडस, एवढेच कथानक. या पुस्तकाला मुलांचे पुस्तक म्हणून कपाटाच्या खालच्या फळीवर टाकले जाते याचा मला राग येतो. संपूर्ण कादंबरी मक्याच्या एका शेतावर उभी आहे. पाडस मोठे होते, कोवळे पीक खाते, मुलगा जिवापाड कष्ट करून पुन्हा पेरणी करतो, कुंपण उंचावतो, आणि ते पुन्हा पीक खाते. घराची मोठी भिस्त या पिकावरच आहे. यापुढे काय होणार हे वाचकाला समजलेले असते आणि ते होऊ नये असेही वाटत असते. लेखिकेने येथे एकही वाक्य गहिवरून लिहिलेले नाही, कारण मक्याचा हिशेब तिने आधीच पुरता मांडून ठेवला आहे.

माझे मेहुणे दिंडोरीकडे द्राक्षबाग करतात. त्यांना मी हे पुस्तक वाचायला दिले. गोडी छाटणीच्या गडबडीत त्यांनी ते दहा दिवसांत संपवले आणि परत देताना एवढेच म्हणाले की बापाने पहिल्या नुकसानीलाच निर्णय घ्यायला हवा होता, उशीर केला. मला वाटले होते की त्यांचे डोळे भरून आले असतील. नंतर बहिणीकडून कळले की वाचून झाल्यावर एक दिवस ते कोणाशी बोललेच नव्हते. अवकाळीने घड गळालेले पाहिलेल्या माणसाची समीक्षा अशीच असायची.

भारतीय भूमीवर याच जातीचे पुस्तक म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी'. धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरला पोरे शाळेत का येत नाहीत हे उमगते तेव्हा आपल्यालाही उमगते: पोर शाळेत बसले तर मेंढरांमागे कोण जाणार. शेवटच्या दुष्काळाबद्दल काही सांगत नाही. आकाराने लहान आहे, एका रविवारी वाचून होते.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ सालचा संग्रह मी मुद्दाम पुन्हा काढला. बागूल विहितगावचे, म्हणजे नाशिकरोडला लागूनच. शीर्षककथेतल्या तरुणाला रेल्वेत नोकरी मिळते, आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो खोलीचा. पगार हाती आला तरी जात सांगितल्याशिवाय छप्पर मिळत नाही, आणि सांगितल्यावर तर मिळतच नाही. माझी कसोटी येथे स्वतःच तपासली गेली असे म्हणावे लागेल. पोट कशावर चालते एवढे विचारून भागत नाही. कमावलेला रुपया बाजारात सर्वांच्या हातून सारख्याच किमतीला चालतो का, हेही विचारावे लागते. एवढ्या वर्षांच्या वह्यांमध्ये मी हा रकाना कधी पाहिला नव्हता. बागुलांची भाषा काही ठिकाणी भडक होते आणि दोन-तीन कथांत ती प्रसंगाच्या पुढे धावते, ही तक्रार मात्र माझी आजही आहे.

जयंत नारळीकरांचे 'चार नगरांतले माझे विश्व' वाचले ते त्यांच्या निधनानंतर. २० मे २०२५ रोजी ते गेले. २०२१ च्या डिसेंबरात आपल्याकडे भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि प्रकृतीमुळे येऊ शकले नव्हते, याची रुखरुख अनेक नाशिककरांप्रमाणे मलाही आहे. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या चार नगरांपैकी पहिली दोन मला फार आवडली. पुण्याच्या भागात माणसांची आणि समारंभांची गर्दी होते, तेथे काही पाने मी भराभर उलटली, हे कबूल करतो. पण 'आयुका' ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था शून्यातून उभी करतानाच्या अडचणी ज्या बारकाईने येतात, त्या भागाने माझ्यातला लेखापरीक्षक खूश झाला. कदाचित इतरांना तोच भाग रुक्ष वाटेल.

नारायण धारपांची 'लुचाई' एका पावसाळी संध्याकाळी संपवली. स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट'चा आधार तिला आहे, हे आता सर्वश्रुत आहे. भीती वाटली, आणि ती वाटवण्याचे कसब धारपांकडे निःसंशय होते; पण दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यातले एकही माणूस माझ्याबरोबर उरले नव्हते. यापेक्षा अधिक मला सांगता येत नाही.

आता माझी कसोटी जेथे पार कोलमडली ते पुस्तक. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची 'रणांगण' ही कादंबरी युरोपातून निघालेल्या एका बोटीवर घडते. चक्रधर विध्वंस हा मायदेशी परतणारा मराठी तरुण, हॅर्टा ही हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावे लागलेली ज्यू तरुणी, आणि तिच्यासारखेच शांघायकडे निघालेले कित्येक निर्वासित. शांघायच का, तर परवान्याशिवाय प्रवेश देणारी जागाच जगात जवळपास उरली नव्हती. या बोटीवर कोणीही काम करत नाही, कोणाचा संसार चालू नाही, जेवणाची घंटा वेळेवर होते आणि माणसे डेकवर नुसती फिरत राहतात. माझ्या सवयीप्रमाणे मला हे पुस्तक खोटे वाटायला हवे होते. तसे ते क्षणभरही वाटले नाही, आणि का वाटले नाही याचा विचार करत मी दोन दिवस काढले. या माणसांचे घर, धंदा, गाव, नागरिकत्व सगळे काढून घेतलेले आहे. ज्याची खतावणीच जाळून टाकली आहे त्याच्याकडे शिल्लक मागण्यात अर्थ नाही. चक्रधरची गोष्ट वेगळी. त्याच्या पाठीशी घर आहे, देश आहे, आणि प्रेम करतानाही तो ते विसरत नाही. त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. महायुद्ध भडकले त्याच वर्षी मराठीत हे लिहिले गेले, हे आजही खरे वाटत नाही.

कविता मी या मापाने मोजत नाही. कुसुमाग्रजांची 'विशाखा' १९४२ सालची, आमच्या घरातली प्रत वडिलांची, बांधणी सुटलेली. दर २७ फेब्रुवारीला तिच्यातल्या दोन कविता मोठ्याने वाचायच्या, एवढाच रिवाज आहे.

आपण आरंभ 'पाडस'पासून करावा. त्यानंतर गोडसे भटजी आणि 'स्मृतिचित्रे' याच क्रमाने घ्यावेत, मध्ये दुसरे काही घेऊ नये. 'स्मृतिचित्रे'ची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, तिच्या वाटेला न जाता संपूर्णच मिळवावी. रंगनाथ पठारे यांच्या 'सातपाटील कुलवृत्तांत' या कादंबरीबद्दल आपण स्वतंत्रपणे विचारले आहे. त्या ग्रंथाची जाडी आपण पाहिलीच असेल; वाचनालयातून दोनदा मुदत वाढवून घेऊनही मी अजून निम्म्यावरच आहे. जे वाचले त्यात पाटीलकी, जमीन आणि सोयरीक यांचे व्यवहार फार जाणतेपणाने आलेले आहेत, परंतु अर्ध्या वहीवर सही करण्याची मला सवय नाही. पूर्ण झाल्यावर लिहीन.